सहा आठवड्यांची हजेरी

दयाराम गुरुजींना एक पत्र आलं होतं आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. या गोष्टीला अकरा महिने झाले होते. लग्नपत्रिकेलासुद्धा न चुकता पोच पाठवणारा हा माणूस एक पत्र इतके दिवस दडवून ठेवील, हे दुसरबीडमध्ये कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. म्हणून गुरुजींनी कुणाला सांगितलंच नाही. पत्र त्यांनी वाचायला घेतलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. पुस्तक संपलं की ते पुढच्या पुस्तकात जाई. अशी नऊ पुस्तकं झाली.

पत्र पुण्याच्या सुचिता नावाच्या बाईंचं होतं. कपड्यांच्या कंपन्या जमिनीशी, पाण्याशी आणि राबणाऱ्या माणसांशी कशा वागतात, हे तपासणाऱ्या संस्थेत त्या काम करत. एका कंपनीचं म्हणणं होतं, की आमच्या शर्टाचा कापूसच काय, त्या कापसाचं बीसुद्धा लहान मुलांचा हात न लागता तयार होतं, आणि हे अगदी पहिल्या वर्षापासून. बीटी सरकीचं ते बी दुसरबीडच्या प्लॉटांवर तयार होई. पुरावा म्हणून कंपनीने गावच्या शाळेचे हजेरीपट जोडले होते. त्यातले सर्वांत जुने, दहा वर्षांपूर्वीचे, तेव्हा नोकरीत असलेल्या गुरुजींच्या हातचे होते.

"आपलं अक्षर फार सुंदर आहे," बाईंनी लिहिलं होतं. "पण एक कोडं सुटत नाही. वर्षभर आपल्या वर्गातल्या मुलींची हजेरी दहात सात. भादव्यापासून पुढचे सहा आठवडे, जेव्हा प्लॉटवर कामाची सर्वांत जास्त घाई, नेमकी तेव्हा दहात दहा. असं कसं?"

कसं ते गुरुजींना ठाऊक होतं. संध्याकाळी कपाशीची कळी नखाने सोलायची, आतले केसर खुडायचे, खुणेला लाल कागद लावायचा आणि सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचे पराग तिच्यावर घासायचे. गाव याला क्रॉसिंग म्हणे. बोटं बारीक आणि उंची झाडाएवढी लागते, म्हणून पोरींना मागणी. त्या दिवसांत अर्धा वर्ग ओस पडे. इतके दिवस न येणारीचं नाव पटावरून कमी करायचं असा शाळेचा शिरस्ता होता, आणि एकदा नाव कमी झालं की पोरगी परत येत नाही, हे गुरुजींनी पुष्कळदा पाहिलं होतं. तेव्हा ते रोज सकाळी रिकाम्या जागांकडे बघत 'हजर' मांडत. भित्रा माणूस खोटं करायला बसला की त्याला प्रमाण राखता येत नाही. एखादी तरी तापाने गैरहजर दाखवावी, हे त्यांना सुचलंच नाही.

त्यातली एक जागा फलकची, इमामबीच्या लेकीची. आता ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि गुरुजींचं घोडं तिथेच अडलं होतं. खरं लिहिलं, तर सातवीत तिचं नाव कमी व्हायला हवं होतं असं ठरेल. म्हणजे सातवी खोटी, दहावी खोटी, नर्सिंग खोटं, नोकरी खोटी. त्यांनी नियमांची पुस्तकं तीनदा चाळली. असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने भीती वाढलीच. लिहिलेलं असतं तर निदान कलम तरी कळलं असतं.

भादव्यातल्या एका रविवारी सकाळी फलक स्वतःच दारात उभी राहिली.

"काकू, गुरुजी हायेत का घरी?"

"जातील कुठं?" गुरुजींच्या पत्नी पुष्पाबाई म्हणाल्या. "पुस्तकात बुडले आहेत. बघ हात धरून बाहेर काढता येतात का."

फलक खुर्चीवर बसली. चहाला नको म्हणाली. "गुरुजी, पुण्याच्या मॅडमचं पत्र आलं होतं ना तुम्हाले?"

गुरुजींनी कॅलेंडरकडे पाहिलं. "आलं असेल."

"असेल?"

"आलं होतं."

"मंग उत्तर काऊन नाही देलं?"

"कुठलं पत्र?" पुष्पाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, कुणाचं पत्र?"

फलकनेच सांगितलं. मॅडम जेठात इमामबीकडे येऊन गेल्या होत्या. "मी सारं सांगतलं त्याह्यले. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी डोकं कसं ठणके, नखं कशी काळी पडत. त्याह्यनं लिहून घेतलं. आता कंपनीचं उत्तर आलं. म्हणते, ही पोरगी त्या तारखेले शाळेत हजर होती, कागद हाय आमच्यापाशी. म्हणजे मी लबाड! अम्मी मले विचारते, मी तुले प्लॉटवर पाह्यलं, गुरुजीनं शाळेत पाह्यलं, दोन फलक होत्या का वं आपल्या घरी?"

पुष्पाबाईंना हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

"मी खरं लिहिलं तर तुझी नोकरी जाईल," गुरुजी इतक्या हळू म्हणाले, की दोघींनी एकदमच "काय?" असं विचारलं.

मग त्यांनी सातवीपासून नोकरीपर्यंतचं सगळं क्रमाने मांडलं. फलक गंभीरपणे ऐकत होती. शेवटी तिने ओढणी तोंडाला लावली आणि ती पोट धरून हसायला लागली.

"गुरुजी, या अल्ला! अकरा महिने तुम्ही हे घेऊन बसले? नोकरीले बारावी पाह्यली, नर्सिंग पाह्यलं. सातवीत फलक रोज येत होती का, हे आजवर कोणंच नाही विचारलं. एक त्या कंपनीनं विचारलं, आन् एक तुम्ही विचारून राह्यले. आन् दहावी मी बोर्डाचा पेपर लिहून पास झाली. तिथं का तुम्ही होते हजेरी मांडाले?"

"नक्की?"

"नक्की."

"लिहून देशील?" गुरुजी बोलून गेले आणि मग त्यांनाही हसू फुटलं. छातीवरचं कुणीतरी उठून बाजूला बसावं, तसं त्यांना वाटलं. आपल्या पेन्शनचं काय, हा विचार त्यानंतर आला. त्याची भीती वाटते का, हे त्यांनी मनात चाचपून पाहिलं. फारशी सापडली नाही.

"पेन्शनीला हात लावला तर मी पाहीन," पुष्पाबाई म्हणाल्या. गुरुजी पेन्शनबद्दल चकार शब्द बोलले नव्हते.

"एक विचारू?" गुरुजी फलककडे वळले. "मी चुकलो का तेव्हा?"

"तुम्ही नाव ठेवलं, म्हणून मी शिकली. पण आता त्याच कागदावरून कंपनीवाले माह्यं राबणंच झालं नाही, असं म्हणून राह्यले. आन् यंदा माह्या मामाची पोरगी प्लॉटवर हाय, गुरुजी. मी परवा शाळेत जाऊन पाह्यलं. तिची हजेरी पुरी हाय."

गुरुजी उठले. पत्र दहाव्या पुस्तकात होतं. त्यांनी ते काढून उघडलं, तशी पुष्पाबाईंना समोरून त्याची मागची बाजू दिसली. "पण मग कंपनी गाव सोडून गेली तर? तुझ्या आईसारख्या बायांचं काम जाईल."

"मागच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा तरी," पुष्पाबाईंनी पत्र हातातून घेऊन उलटं केलं. मागे बाईंनी लिहिलं होतं, की कंपनीने गाव सोडू नये. बियाला असा भाव द्यावा, की मोठ्या बायकांची पुरी मजुरी निघेल आणि पोरींची गरजच पडणार नाही, हीच मागणी आम्ही करणार आहोत. हे पान गुरुजींनी अकरा महिन्यांपूर्वी एकदाच, घाबऱ्या डोळ्यांनी वाचलं होतं.

मग ते लिहायला बसले. आजवर त्यांचं उत्तर 'आपले पत्र मिळाले' याच्यापुढे सरकलं नव्हतं. या वेळी त्यांनी ते वाक्यच गाळलं. 'हजेरी मी मांडली. मुली शाळेत नव्हत्या, प्लॉटवर होत्या. फलक सांगते ते खरे आहे, माझा पट खोटा आहे. नाव कमी होऊ नये म्हणून मी तसे केले.' खाली त्यांनी वर्गात बसण्याच्या क्रमाने चौदा नावं लिहिली. एकदाही अडखळले नाहीत.

फलकने यादी वाचली. "झेबा प्लॉटवर नव्हती त्या साली. ते खरंच शाळेत येत होती."

"खरंच?"

"रोज."

गुरुजींनी झेबाचं नाव खोडलं आणि यादीखाली 'एकूण तेरा' असा आकडा घातला. खाडाखोड झाली म्हणून पत्र पुन्हा लिहावं, असं त्यांच्या मनात आलं. पुष्पाबाईंनी कागद ओढून पाकिटात घातला.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर होते. खिडकीमागे कडूबा होता, त्यांचाच जुना विद्यार्थी.

"रजिस्टर? कोर्टकचेरी का काय, गुरुजी?"

"नाही रे. एका पत्राचं उत्तर आहे."

"लई घाईचं दिसते."

"हो," गुरुजी म्हणाले. "फार घाईचं आहे."

कडूबाने पाकीट तोललं, तिकिटं लावली आणि शिक्का हाणला. पाकीट मागच्या पोत्यात पडलं. गुरुजींनी पावती घेतली, काखेतलं पुस्तक उघडलं आणि ती खूण म्हणून आत घातली.