सीतारामची नल्ली

"आजी, फक्त नाव बरोबर आहे ना तेवढं बघा आणि इथे सही करा," असं म्हणत मधुराने तो लांबलचक कागद पलंगावर पसरला. लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत कागद पसरायला दुसरी जागाच नव्हती.

नलूने चष्मा चढवला. बेचाळीस नावं होती. एकोणिसावं नाव तिने वाचलं, पुन्हा वाचलं. सीताराम गोपाळ मोंडकर, खलाशी, वय ३०, राहणार आचरा.

"तुमचे सख्खे काका ना?" मधुराने विचारलं.

"हो. काका त्याच बोटीवर गेला."

यात खोटं काही नव्हतं. तरी नलूला घाम फुटला.

मधुरा दोन वर्षं या बेचाळीस जणांची घरं शोधत गल्लोगल्ली हिंडत होती. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातल्या एका बेटाला शत्रूचा वेढा पडला होता. त्या बेटासाठी धान्य घेऊन निघालेली बोट वाटेतच बुडवली गेली आणि तिच्यावरचे कोकणातले बेचाळीस खलाशी तळाशी गेले. गोऱ्या कप्तानाचं नाव तिकडच्या स्मारकाच्या चौथऱ्यावर कधीच लागलं होतं. ह्या बेचाळिसांची आठवण व्हायला ऐंशी वर्षं लागली. आता त्या देशाच्या वकिलातीने बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जुन्या सभागृहात त्यांच्या नावांची शिळा बसवायचं ठरवलं होतं, आणि शोधकामासाठी मधुराला नेमलं होतं.

"आत्या, फेमस होणार तू!" नलूचा भाचा अमित खूश झाला होता. त्याच्या बायकोने, प्रितीने, पाहुणीसाठी मुद्दाम बाहेरून खारी बिस्किटं आणली होती.

"शुक्रवारी यादी कोरायला जाईल. तोपर्यंत सही केली तरी चालेल," मधुरा म्हणाली. नलूचा चेहरा तिने पाहिला असावा, कारण कागद ती तिथेच ठेवून गेली.

सीताराम गोपाळ मोंडकर बोटीवर मेला नव्हता. तो एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली ह्याच खोलीत, ह्याच पलंगावर मेला. तो नलूचा बाप होता.

बोटीवर गेला तो लवू, सीतारामचा धाकटा भाऊ. त्या काळी बोटीवर काम मिळायचं ते नल्लीवर. खलाशाची नोंदवही म्हणजे नल्ली. ती असली तर माणूस खलाशी, नसली तर धक्क्यावरचा रिकामटेकडा. एकोणीसशे बेचाळीस साली सीतारामची पाळी आली आणि नेमका तो विषमज्वराने आडवा झाला. पाळी चुकली तर पुन्हा वर्षभर धक्क्यावर माश्या मारायच्या. लवू बावीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला आणि बेकार. नल्ली नव्हती. खलाशांची भरती करणारा सारंग गावचाच होता. तो म्हणाला, भावाची नल्ली घे आणि चढ बोटीवर. दोघांची चेहरेपट्टी सारखी आहे, कोण बघतंय? असं तेव्हा किती जणांनी केलं असेल, देव जाणे. परत आले त्यांचं कुणाला कळलं नाही.

लवू परत आला नाही. सहा महिन्यांनी कंपनीची तार आली: सीताराम गोपाळ मोंडकर कामी आला.

सीतारामने ती तार स्वतःच वाचली. खरं सांगावं तर सारंग तुरुंगात जाणार आणि लवूची अठरा वर्षांची बायको, बकुळा, हिला कंपनीकडून काहीही मिळणार नाही. म्हणून तो गप्प बसला, आणि एकदा गप्प बसल्यावर त्याला मेलेलंच राहावं लागलं. मुंबईत गिरणीला लागताना त्याने नाव सांगितलं लवू. ह्या खोलीवर नाव लागलं लवू. नलूच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव लवू. नलिनी लवू मोंडकर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली ती ह्याच नावाने, आणि पेन्शन घेते तीही ह्याच.

बकुळाकाकी त्यांच्याकडेच राहिली. वर्षातून एकदा, सीतारामची विधवा म्हणून, कंपनीच्या ऑफिसात पेन्शनसाठी अंगठा द्यायला जाताना ती छोट्या नलूला बरोबर न्यायची. तिथला कारकून विचारायचा, नवऱ्याचं नाव? काकी खाली बघून म्हणायची, सीताराम. ज्या बाईने नवऱ्याचंही नाव कधी तोंडाने घेतलं नाही, तिला थोरल्या दिराचं नाव नवरा म्हणून घ्यावं लागे. घरी आली की ती आधी मोरीत जाऊन चूळ भरायची, मग कुणाशी बोलायची. नलूला वाटायचं, ऑफिसातलं पाणी खराब असेल.

आणि चाळीच्या गॅलरीतून कुणी बापाला हाक मारली, "लवू, आसस काय रे?", की काकीच्या हातातला तवा तसाच राही. एक क्षणभर ती दाराकडे बघायची. चाळीस वर्षं, दर हाकेला.

जाण्याआधी काकीने तिला जवळ बोलावलं होतं. "गो नलू, तू शिकलंस. माझ्या घोवाचा नाव खंयतरी धड लिवन ठेव. मेल्यावर तरी तेका तेचा नाव गावांदे."

काकीच्या नवऱ्याचं खरं नाव कुठेतरी लिहून ठेवायला नलूने हो म्हटलं होतं. त्याला चौतीस वर्षं झाली. कुठे लिहिणार होती ती? कोणी विचारायलाच आलं नव्हतं. आता आलं, तर तेही चुकीचं नाव घेऊन.

संध्याकाळी तिने अमितला सगळं सांगितलं. त्याने आधी ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

"आत्या, हे आणि कोणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू पण नको. रूम कोणाच्या नावावर होती? लवू गोपाळ मोंडकर. त्यांची मुलगी नलिनी लवू, म्हणून रूम तुझी. नेक्स्ट मंथ नव्या रूमचं अॅग्रीमेंट आहे. बिल्डरचा तो माणूस एकेक पेपर भिंग लावून बघतोय. तळमजल्यावरच्या शिवाला आडनावाच्या एका घोळावरून आठ महिने लटकवलंय. आणि तू जाऊन सांगणार, माझा बाप लवू नव्हताच! मग तू कोण? मी कोण?"

"मी सीतारामची मुलगी."

"ते तुला माहितीय. पेपरला नाही माहीत."

प्रितीने समजूत घातली. "आत्या, त्यांना आता काय फरक पडतो? दगडावर सीताराम काय नि लवू काय."

"तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत तुझ्या बहिणीचं नाव छापलं असतं, तर चाललं असतं?"

प्रितीला हसू आलं. अमितला मात्र हसू आलं नाही. त्याचंही चुकत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कुरिअर कंपनीत नोकरी, मुलगी बारावीला. चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीतली खोली हाच त्याचा एकमेव आधार होता. त्याला घाबरवायचा आपल्याला काय अधिकार, असं नलूला वाटलं, आणि लगेच दुसरीकडून काकी दिसायला लागली.

पुढचे तीन दिवस तिचे हाल झाले. दूध दोनदा उतू गेलं. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे आठवेना, म्हणून तिने पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, तर कालपर्यंत किती होत्या तेच आठवेना. दारावर टकटक झाली की वाटे, बिल्डरचा माणूस. फोन वाजला की वाटे, मधुरा. चौतीस वर्षं तिने लोकांचे फोन बिनचूक जोडून दिले होते. एकदा चुकीच्या माणसाला फोन लागला म्हणून स्वतः माफी मागितली होती. आणि इथे स्वतःच्या घरातला राँग नंबर ऐंशी वर्षं चालू होता.

तिने दोनदा सहीसाठी पेन उघडलं. दुसऱ्या वेळी 'न' लिहिलासुद्धा.

शुक्रवारी सकाळी, अमित कामावर गेल्यावर, ती बसने बॅलार्ड इस्टेटला गेली. मधुराच्या टेबलावर तिने कागद ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, मधेच थांबले तर धीर सुटेल म्हणून.

मधुराने कागद उलगडून एकोणिसावी ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या नल्लीवर लोक जायचे, हे मी ऐकलंय आजी. पण पहिल्यांदाच कोणी समोर येऊन सांगतंय. काही कागद आहे? पत्र, फोटो, काहीही?"

"कागद असता तर हे झालं असतं का?"

"मग कमिटी ऐकणार नाही. त्यांना रेकॉर्ड लागतं." मधुराने कागद नलूकडे सरकवला. "एक सांगू? आत्ता सही केलीत तर काका तिथे असतील. चुकीच्या नावाने, पण असतील. मी हे पुढे नेलं तर काय होईल, मला खरंच नाही सांगता येत."

नलूने त्या एकोणिसाव्या ओळीकडे पाहिलं. तिला वडिलांचा राग आला, सारंगाचा आला, स्वतःचा आला. मग ती म्हणाली, "चुकीच्या नावाने तो ऐंशी वर्षं आहेच की. तू सांग त्यांना."

सोमवारी फोन आला. मधुराचा आवाज खाली गेला होता. "सॉरी आजी. नावाबद्दल वाद आहे म्हणून तूर्त वगळलंय. पुरावा मिळाला तर पुढे बघू म्हणाले. लवूही नाही, आणि सीतारामही नाही."

"म्हणजे एक्केचाळीस."

"हो. एक्केचाळीस."

त्या दिवशी नलू जेवली नाही. होतं ते उसनं नावही आपण घालवलं, काकीला दिलेला शब्द पाळायला गेलो आणि तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा बुडवलं, असं तिला वाटलं. ती मोरीजवळ बसून रडली, चांगली मोठ्याने. प्रिती जवळ येऊन नुसती बसली.

रात्री अमितला कळलं. आधी त्याचा जीव भांड्यात पडला, आणि ते लपवणं त्याला जमलं नाही. मग आत्याचा सुजलेला चेहरा बघून तो ओशाळला. "जाऊ दे ना," एवढंच म्हणाला.

कार्यक्रम महिनाअखेरच्या रविवारी होता. आमंत्रणपत्रिका आधीच आलेली होती, तीच घेऊन नलू निघाली.

"नाव नाहीये तर कशाला जातेस?" अमितने विचारलं.

"बाकीच्या एक्केचाळीस जणांबरोबरच तो गेला ना? त्यांच्यासाठी जाते."

अमितने पायात चपला घातल्या. "एकटी कुठे जाणार तू. टॅक्सी करतो."

सभागृहाबाहेर टेबल मांडलं होतं. जुई असा बिल्ला लावलेली एक मुलगी यादी घेऊन बसली होती. आत माणसं जमत होती. कुणाच्या छातीशी जुना फोटो, कुणाच्या कडेवर पोर. बहुतेक कोकणातून रात्रभर प्रवास करून आलेली.

"कोणाच्या फॅमिलीतून, आजी?"

"मोंडकर."

जुईने बोट फिरवलं. "मोंडकर नाहीये यादीत. मग असं करा, व्हिजिटर म्हणून वहीत लिहा. नीट लिहा हं, ही वही नंतर काचेत ठेवणार आहेत शिळेजवळ."

वहीत तीन रकाने होते. आपलं पूर्ण नाव. कोणाच्या स्मरणार्थ आलात. नातं.

नलूने मधल्या रकान्यापासून सुरुवात केली. लवू गोपाळ मोंडकर. सावकाश, टेलिफोनच्या रजिस्टरात लिहायची तसं सुटं आणि स्वच्छ. पुढच्या रकान्यात लिहिलं, सख्खे काका. मग हात पहिल्या रकान्यापाशी आला आणि थांबला. सवयीप्रमाणे लिहिलं असतं तर एकच माणूस तिचा बापही झाला असता आणि काकाही.

"आत्या," अमित मागून हळूच म्हणाला. "काचेत ठेवणार आहेत."

"ऐकलं मी."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. मागे रांग वाढत होती. पुढच्या महिन्याचं अॅग्रीमेंट तिला दिसत होतं, भिंग दिसत होतं, शिवाचे आठ महिने दिसत होते.

तिने लिहिलं. नलिनी. मग सीताराम. मग मोंडकर. चौऱ्याहत्तर वर्षांत हे नाव तिने कधी लिहिलं नव्हतं, त्यामुळे मधला शब्द जरा वर चढला.

"झालं का, आजी?" जुईने विचारलं.

"झालं."

तिने पेन ठेवलं. अमित वाकून ती ओळ वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने पेन उचललं, क्षणभर हातात फिरवलं आणि खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात चुलत नातू लिहिताना त्याने नलूकडे पाहिलं नाही.

आत नावं वाचायला सुरुवात झाली होती. दोघं जाऊन शेवटच्या रांगेत उभे राहिले. अठरावं नाव झालं, आणि मग वाचणाऱ्याने न थांबता पुढचं नाव घेतलं.