टाकीखालची अंगणवाडी

मिल बंद पडून वीसेक वर्षं झाली, तरी वस्तीला सगळे अजून मिल क्वार्टरच म्हणतात. मिलने कामगारांसाठी बांधलेली पाण्याची उंच टाकीच तिथल्या तीनशे घरांना पाणी पुरवत होती. टाकीच्या खांबांना लागून एक खोली होती. त्या खोलीत वंदना अंगणवाडी चालवायची.

जूनमध्ये पूर्वेकडच्या खांबावर तिला चीर दिसली. केसासारखी बारीक. ऑगस्टपर्यंत तिच्यात नख जाऊ लागलं. वंदनाने पाण्याच्या ऑफिसात दोनदा अर्ज दिला. "सर्व्हे चालू आहे," एवढंच उत्तर मिळालं. शेवटी ती मधुकररावांकडे गेली. मिलमध्ये तीस वर्षं फिटर असलेल्या त्या म्हाताऱ्याने चिरेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून दिली.

"काच तुटली का समजजो, खांब हलून राहिला," ते म्हणाले. "मग कोणाले विचारत बसू नको. पोरं बाहेर काढ."

तेव्हापासून ती कुलूप उघडण्याआधी काच बघायची. टाकी भरताना वरून बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा. मुलांना सवय होती, ती गात राहायची. वंदनाचं गाणं मात्र मध्येच थांबायचं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी काच शाबूत होती. दहा वाजता खिचडी शिजत असताना मदतनीस पुष्पलता बाहेर भांडी विसळायला गेली आणि तशीच परत आली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "काच तुटली."

ओरडलं तर पोरं भेदरून कोपऱ्यात जातील, हे तिला कळत होतं. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला, आज मंदिराच्या ओट्यावर खेळायचं. एकमेकांचा सदरा धरा."

ओट्यावर पोचल्यावर तिने पोरं मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. एकवीसच. सकाळी बावीस आली होती.

"खुशी कुठं आहे वं?" तिने विचारलं. पुष्पलता खोलीकडे बघू लागली.

वंदना परत धावली. खोलीच्या दारात क्षणभर तिचे पाय अडले. मग ती आत शिरली. खुशी तांदळाच्या पोत्यांमागे सतरंजीवर झोपली होती. तिला उचलताना छतातून चुन्याचा चुरा खिचडीच्या पातेल्यात पडला. वंदना त्या पोरीला छातीशी घट्ट धरून बाहेर पडली. ओट्यापर्यंत पोचेतो तिने मागे पाहिलं नाही.

अकराला केशव आला. टाकीत पाणी चढवणाऱ्या पाइपची चावी सोडणं हे त्याचं काम. पोरांना पुष्पलताच्या हवाली करून वंदना आधीच चावीच्या खड्ड्यावरच्या लोखंडी झाकणावर जाऊन बसली होती.

"ताई, काहून बसून राहिल्या इथं? उठा ना."

"केशवभाऊ, काच तुटली. पाणी चढलं तर खांब ते वजन झेलणार नाही."

"मले ऑर्डर नाही बंद ठेवाची. माही नोकरी जाईन."

"मग तुमच्या सायबाले फोन लावा. मी उठत नाही."

बघता बघता गुंड्या-बादल्या घेऊन बाया जमल्या. शोभाताई सगळ्यांत पुढे. "माह्या घरी पाहुणे आले, अन् तू पाणी अडवून राहिली? इंजिनिअर झाली का वं तू?"

कोणीतरी तिचा दंड धरून ओढला. वंदनाला रडू येत होतं. काच उन्हाने तडकली असली तर? नोकरी जाईल, वस्तीत तोंड दाखवता येणार नाही. एवढ्यात मधुकरराव काठी टेकत आले आणि तिच्याशेजारी झाकणावर बसले. मग कोणी ओढलं नाही, पण शिव्या थांबल्या नाहीत.

केशवने फोन करून बोलावलेला इंजिनिअर एक वाजता आला, तरणा आणि वैतागलेला. त्याने खांबावर हातोडीने सहज ठोकलं. दाराएवढा गिलावा सुटून त्याच्या पायांशी कोसळला. आतल्या सळया गंजून शिसपेन्सिलीएवढ्या बारीक झाल्या होत्या. तो मागे मागे सरकत गेला.

"चावी उघडू नका," तो केशवला म्हणाला. "उरलेलं पाणी सोडून द्या. आणि ही गल्ली रिकामी करा. सगळी."

बायांनी बादल्या तिथंच टाकल्या.

महिन्याभरात टाकी पाडली. आता टँकर येतो, त्यावर रोज भांडणं होतात, आणि काही जणी अजून वंदनालाच बोल लावतात. अंगणवाडीला दोन गल्ल्या सोडून नवी खोली मिळाली. पहिल्या दिवशी वंदना एकटीच आत गेली, चारही भिंतींवरून तळहात फिरवत, कोपरे निरखत. बाहेर आया पोरांना घेऊन उन्हात उभ्या होत्या. शोभाताईही नातवाला घेऊन आल्या होत्या. वंदनाला कोणीच घाई केली नाही.