जुळलेला आलेख

मृणाली पुण्यात पीएच.डी. करत होती. भाऊ प्रितेशच्या लग्नासाठी काल्हेरला आली, तरी वरच्या खोलीत तिचं काम चालूच होतं. संगणकात ती दीर्घिका घडवायची. तिच्या मॉडेलमध्ये तारे फार घाईनं पेटत आणि सगळा वायू लवकर संपून जाई. खऱ्या दीर्घिकांत मोठे तारे मरताना फुटतात, त्या धक्क्यानं वायू बाहेर फेकला जातो आणि नवे तारे बनणं मंदावतं. त्या स्फोटांचा जोर किती धरायचा, तेच तिला गवसत नव्हतं. हळदीच्या सकाळी ते गवसलं. मॉडेलचा आलेख पहिल्यांदाच दुर्बिणीच्या निरीक्षणांशी जुळला.

लॅपटॉप घेऊनच ती अंगणात धावली.

"दादा, जमलं!"

प्रितेश हसला, तेवढ्यात फाटक आदळलं. चुलतभाऊ मनोज दोघांना घेऊन आत शिरला. मनोजच्या हातात लोखंडी पाइप. मानकोलीच्या सामाईक जमिनीवर त्याला गोदाम उभं करायचं होतं आणि ते प्रितेशच्या सहीवाचून अडलं होतं.

"सही करतंस का न्हाय?"

"न्हाय. आधी वाटणी."

पाइप प्रितेशच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मृणालीनं ऐकला. त्यांचे वडील पंढरी मधे पडले. मनोजच्या एका सोबत्यानं त्यांना मांडवाच्या खांबावर फेकलं. प्रितेश खाली कोसळला. मनोजनं पाइप पुन्हा उगारला, या वेळी डोक्यावर.

मृणालीनं दोन्ही हातांनी लॅपटॉप त्याच्या कानशिलावर हाणला. तो गुडघ्यांवर आला. तिनं पुन्हा हाणला. स्क्रीन फुटली, काचा हळदीच्या परातीत उडाल्या. तो आडवा झाला, त्याच्या कानातून रक्त आलं, तरी तिचे हात थांबेनात. पंढरींनी तिला मागून कवेत धरलं.

"सोड पोरी! मरंल त्यो!"

मनोजचे सोबती केव्हाच पळाले होते.

मनोज वाचला, पण त्याला एका कानानं कायमचं ऐकू येईनासं झालं. जबाब घेताना हवालदारानं हळूच विचारलं, "भावाला वाचवायला एकच फटका मारलात, असं लिहू ना?"

"नाही. तो पडल्यावरही मी मारत होते. तसंच लिहा."

"कशाला न्हाय ते बोलतंस?" पंढरी कळवळले. तिनं शब्द बदलला नाही. गुन्हा दोन्ही बाजूंवर नोंदला गेला, मनोजवर आणि तिच्यावरही.

हाताला प्लास्टर घेऊनच प्रितेशचं लग्न लागलं. लॅपटॉपमधलं काही परत मिळालं नाही. पुण्यात मृणालीनं सगळं नव्यानं लिहिलं आणि आलेख पुन्हा जुळला. दीर्घिकेत तारे फुटतानाचं चलचित्र मात्र तिनं सोबत संशोधन करणाऱ्या मुलीला तपासायला दिलं. स्वतः मृणालीला ते बघवेना.

तारखेला ती भिवंडीच्या कोर्टात येते. समोरच्या बाकावर मनोज असतो, शेजारी त्याची आई जानकीबाई. शिपाई त्याच्या गेलेल्या कानाच्या बाजूनं त्याचं नाव पुकारतो, ते त्याला ऐकू येत नाही. मग जानकीबाई त्याच्या दंडाला हात लावते आणि तो उठतो.