कोरडा ठणठणीत

"माझी उशी परत ओली," सूनबाई पुटपुटल्या.

"दव असेल," मुलगा म्हणाला.

"दव बाहेर पडतं."

"आमच्याकडे आतही पडतं. हळू बोल, आई जागी आहे."

मित्रांनो, ही कुरकुर माझ्या डाव्या भिंतीपासून चार बोटांवर झाली, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी एक जुना तंबू आहे. वय वर्षं सव्वीस. तंबू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दुकानातला तो चकचकीत, झटकला की उघडणारा प्रकार येत असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. मला उभं करायला चार माणसं, पाऊण तास आणि एक भांडण लागतं. पण एकदा उभा राहिलो की येणारा-जाणारा वळून बघतो.

माझा जन्म पडद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. या घरातली आई तिथं पडदे शिवायची. कुणीतरी दुकानापुढच्या छतासाठी जाड हिरवं कापड मागवलं आणि मग नको म्हणालं. ते कापड कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. बाबा बस चालवायचे. त्यांच्या रस्त्यावर रोज राज्याच्या राखीव उद्यानाची पाटी लागायची. पाटीवर बाण डावीकडे, आणि बस सरळ. "एकदा तरी तिथं डावीकडे वळायचंय," ते जेवताना म्हणायचे, आणि पुन्हा जेवायला लागायचे. आईला बोलण्यापेक्षा शिवणं सोपं जातं.

तिनं आयुष्यात तंबू आतून पाहिला नव्हता. मग मापं कशी घेतली? बाबांना स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवं केलं आणि खडूनं त्यांच्याभोवती रेघ मारली. पायांपाशी एक वीत जास्त, कारण बाबा झोपेत पाय ताणतात. शेजारी मुलाला निजवलं. मग स्वतः आडवी झाली आणि मुलाकडून स्वतःभोवती रेघ मारून घेतली. मुलानं आईला जरा जाडच काढली. म्हणून मी ऐसपैस झालो, आणि म्हणूनच आज माझ्यात सूनबाईही मावतात.

माझे खांब म्हणजे पडद्यांचे लाकडी दांडे. माझ्या दाराला पितळी कड्या आहेत, त्यामुळे दार सरकवलं की दिवाणखान्याची खिडकी उघडल्यासारखा खळखळाट होतो. हिरवं कापड पुरलं नाही म्हणून मागची बाजू तपकिरी आहे. आणि माझ्या पाठीच्या कण्यावर, जिथं दोन्ही उतार भेटतात, तिथं आईनं दुहेरी टीप घातली. भारीतल्या पडद्याला घालतात तशी, बारीक आणि एकसारखी. ती टीप बघून दुकानाच्या मालकानं चष्मा काढून पुसला होता. मी तेव्हा नुकता शिवून झालो होतो, तरी मला ते कळलं.

पहिल्या सहलीला निघताना काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी माझ्या कड्या वाजवून पाहिल्या.

"वहिनी, हा तंबू आहे की बैठकीची खोली? पावसाचा एक थेंब तरी अडवेल का?"

आई दोरी बांधत होती. तिनं मान वर केली नाही. "थेंब आत आला, तर मी पुन्हा सुई हातात धरणार नाही."

असलं वाक्य रागात तोंडातून निघतं आणि मग घरात खुंटीसारखं कायमचं ठोकलेलं राहतं. काका हसले, निघून गेले. त्याच रात्री सरोवराकाठच्या उद्यानात भुरभुर पाऊस आला, आणि बाबांच्या कपाळावर टप्पकन एक थेंब पडला. बाबांनी तो बोटानं टिपला. अंधारात थोडा वेळ पडून राहिले. सकाळी मुलाला तोंड धुवायला घेऊन गेले ते जरा लांबच, आणि दोघं परत आले ते एका मताचे होऊन.

तेव्हापासून, मित्रांनो, माझ्यासमोर एक ठरावीक शब्द कुणी उच्चारला नाही. दव पडलं, तंबूला घाम आला, कुणाची तरी बाटली लवंडली, असं काय काय म्हणून झालं. एकदा तर बाबांनी स्वच्छ आकाशाखाली सांगितलं, "मी झोपेत रडलो वाटतं."

माझी उमेदीची वर्षं मात्र अशी गेली, की सांगताना आजही माझं कापड ताठ होतं. सतरा उद्यानांत मी उभा राहिलो. पाइनच्या जंगलात, लाल कड्यांच्या पायथ्याशी, वाळूवर, खडकावर. एकदा तर अशा उतारावर, की सकाळी तिघंही एकाच कोपऱ्यात गोळा झालेले. दिवसभर ते पायवाटा तुडवायचे आणि आसपासचं जे जुनं-पुराणं असेल ते बघून यायचे. दगडी पूल, ओढ्यावरची बंद पडलेली पाणचक्की, टेहळणीचा बुरूज. मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. मी तळावर सामान राखत उभा असतो. पण बुरुजाच्या पायऱ्या एकशे बारा आहेत हे मला पाठ आहे, कारण संध्याकाळी बाबांचे गुडघे त्या पुन्हा मोजतात. बाबा प्रत्येक ठिकाणची माहितीची पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचतात. वर्षानुवर्षं पाटीजवळून सरळ गेलेला माणूस दुसरं काय करणार?

आणि आई? आई ते ऐकते, आणि संध्याकाळी सुई-दोरा काढून माझ्या आतल्या भिंतीवर, छतावर त्या जागेचं चित्र भरते. पुलाच्या तीन कमानी राखाडी दोऱ्यानं. पाणचक्कीचं चाक निळ्या-पांढऱ्यानं. आतून मी म्हणजे एक संग्रहालयच आहे, आणि यात मी फुशारकी मारत नाही. शेजारच्या तळांवरची माणसं बूट काढून बघायला येतात.

फक्त एवढंच, की सुई जाते तिथं भोक राहतं. कण्यावर एका टिपेच्या जागी दोन, म्हणजे भोकंही दुप्पट. आणि चित्रं जितकी सुंदर, तितकी... असो. पाणचक्कीच्या चाकातून खरोखरच पाणी येतं, एवढं सांगतो. तिच्याखाली कुणाची उशी असते, ते तुम्ही सुरुवातीलाच ऐकलंत.

मधली चार वर्षं मी माळ्यावर काढली. एका बाजूला मोडका पंखा, दुसऱ्या बाजूला फुगलेली सुटकेस. मुलगा नोकरीला लागला, बाबा निवृत्त झाले. घडीतल्या घडीत माझ्या पोटाला बुरशीचा वास सुटला. मग लग्न झालं, आणि सूनबाईंनी एका जेवणात सहज विचारलं, "बाबा, तुम्ही इतके पूल-बुरूज सांगता, मला कधी नेणार?" दुसऱ्याच दिवशी मी गच्चीत उन्हाला पडलो होतो.

तर ही सहल ती. पण यावेळी गाडीच्या डिकीत, चादरीखाली, एक नवा तंबू दडवलेला होता. मुलानं आणलेला. मला तो प्रवासभर टोचत होता.

"काढ की मग बाहेर," सकाळी सूनबाई म्हणाल्या होत्या.

"काढून सांगू काय? कशाला आणला म्हणून?"

"खरं ते सांग."

"खरं सांगितलं तर आई सुई ठेवून देईल. तू तिला ओळखत नाहीस. एकदा म्हणाली होती ते तिनं परत घेतलेलं नाही."

दुपारी चौघं इथला बुरूज बघून आले आणि मागोमाग पाऊस आला. चौघं आत. जुन्या माणसांना कोरड्या जागा माहीत होत्या. बाबा पुलाला टाळून बसले, मुलगा भरलेल्या लाल कड्यांना टाळून. सूनबाई पाणचक्कीखाली. आईनं मांडीवर माझी एक बाजू ओढून घेतली आणि नव्या बुरुजाच्या पायऱ्या भरायला सुरुवात केली. टप्प. सूनबाईंनी नाकावरचा थेंब पुसला आणि तोंड उघडलं. नवऱ्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी ते जांभईत बदललं.

तेवढ्यात दाराच्या कड्या वाजल्या. उद्यानाचा वनरक्षक होता, ओढा चढतोय म्हणून सगळ्यांना सांगत फिरत होता. सांगायचं ते सांगून झालं, तरी तो जाईना. टोपीवरून पाणी गळत असताना छताकडे बघत उभा राहिला.

"बारा वर्षं इथं आहे," तो म्हणाला. "असा तंबू पाहिला नाही. कुणी केला?"

"हिनं," बाबा म्हणाले. एवढ्या एका शब्दाला त्यांनी छाती भरून घेतली होती.

"पावसात कसा आहे?"

"कोरडा ठणठणीत," बाबा म्हणाले. त्यांची कॉलर मानेला चिकटली होती.

वनरक्षक आईपुढे उकिडवा बसला. "ताई, मला दोन मुली आहेत. यंदा त्यांना घेऊन वरच्या कड्यावर राहायचंय. असाच एक शिवून द्याल? अगदी असाच."

आईची सुई अर्ध्या पायरीवर थांबली.

मित्रांनो, इथं मीही जरा थांबतो. वस्तू जपा. मला कधी ओला गुंडाळू नका, उन्हात वाळवा, घडी बदलत जा. पण एखाद्या वस्तूची खोड झाकून ठेवणं म्हणजे तिला जपणं नव्हे. त्या खोडीकडे बघायला सव्वीस वर्षं कुणी आलं नाही, कारण सगळ्यांचं प्रेम वाटेत आडवं आलं होतं. आज माझ्या कण्यावर मेण लावलेली पट्टी आहे, आणि डिकीतला तो नवा माझ्या शेजारी उभा असतो. त्यात बूट झोपतात.

तर आईनं आधी त्या माणसाकडे पाहिलं. मग बाबांच्या कॉलरकडे. सुई खाली ठेवली नाही.

"शिवून देईन," ती म्हणाली. "पण असाच नाही. हा गळतो."

पाणचक्की टपटपत राहिली.

"कुठं चुकलं ते मला ठाऊक आहे, तुमच्या मुलींचा गळणार नाही." तिनं दोरा ओढून पायरी पुरी केली, आणि मग बाबांकडे न बघता म्हणाली, "पहिल्या रात्री यांच्या कपाळावर थेंब पडला ना, तेव्हा मी जागीच होते."