गोटमारीच्या सकाळची पट्टी

ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच तुम्ही कोणी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. ठेवलात, तर आम्हालाच तुमची काळजी वाटेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवर उभे राहून गोटे मारून प्रेमाने एकमेकांची डोकी फोडतात. त्या सकाळी प्रकाश तयारीनिशी गुलाबकाकांच्या ओसरीवर आला. हातात दुखणं दाबणाऱ्या औषधाची पट्टी, फेंटानिलची. कर्करोगाने गेलेल्या आईची उरलेली, शेवटची.

"हे खांद्याले लावतो, काका. मंग गोटा लागला तरी समजत नाही!"

काकांनी औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढलेली. हा संध्याकाळपर्यंत जिवानिशी जाणार, हे त्यांना दिसलं. पण दरवर्षी हौसेने टाके घालून घेणाऱ्याला 'मरशील' म्हणून काय उपयोग?

"हुशार आहेस गा! मॉर्फिनच्या रेणूले पाण्याची आवड, अन् मेंदूची भिंत पडली चरबीची. थो बिचारा बाहेर ताटकळते. हा प्रयोगशाळेत घडवलेला रेणू म्हंजे तेल लावलेला पहिलवान. चरबीतून सर्रकन आत! अन् आत जिथं दुखणं दाबते, तिथंच श्वासही दाबते. प्रकाशरावाले फक्त खांदा बधिर करायचा हाय, हे त्याले कोन सांगन?"

"एवढीशी त हाय, काका."

"एवढीशीच पुरते. मॉर्फिनच्या शंभरपट जोर! उन्हात पट्टी तापली का दोन-तीन दिवसांचं औषध घाईनं अंगात घुसते."

प्रकाश नखाने पट्टीचा कागद उचकटतच होता. खरं सगळं सांगून झालं होतं आणि पोरगा हलला नव्हता. काकांनी खाकरून घसा साफ केला.

"मी लावली होती ना, दहा वर्षांपयले! एक श्वास नदीत घेतला, दुसरा घ्याची आठवण वाहत वाहत रामाकोना गावाले लागल्यावर झाली. मधात तुह्या काकूनं तेरवीचं सामानही आणून ठेवलं होतं. बुंदीसकट!"

बुंदी ऐकून प्रकाशचा चेहरा उतरला. त्याने मुकाट पट्टी पुढे केली. काकांनी कडेला धरून कागद सोलला, चिकट बाजू आत घेऊन घडी घातली आणि गच्च दाबली. आता ती कोणाच्याच अंगाला चिकटणार नव्हती.

तेवढ्यात कमलकाकू चहा घेऊन बाहेर आल्या.

"कोनती बुंदी, अन् कोनती नदी? गोटमारीच्या दिवशी हे न्हाणीत कडी लावून बसतेत, गा प्रकाश! लग्नापासून बाल्टीतलं सोडून दुसरं पाणी पाह्यलं नाही यायनं त्या दिवशी!"