साडीत पिस्तूल कुठे ठेवायचं

दुकानातल्या बाईचं नाव डार्लीन. तिने यामिनीला पहिला प्रश्न विचारला तो पिस्तुलाचा नव्हताच, कपड्यांचा होता. रोज अंगावर काय असतं? यामिनीने खाली मान घालून स्वतःकडे पाहिलं. लेगिंग आणि वर सैल कुर्ता. ऑफिसला तेच, किराण्याला तेच, लेकीच्या, नैनाच्या, शाळेत तेच. "म्हणजे कमरेला पट्टाच नाही," डार्लीन म्हणाली आणि मागच्या कपाटातून एकेक खोकं काढून काउंटरवर मांडायला लागली, चपलांच्या दुकानात मांडतात तशी.

अमेरिकेतल्या फ्रिस्को गावातल्या त्या रस्त्यावरून यामिनी रोज गाडीने जायची. एका बाजूला इंडियन ग्रोसरी, पलीकडे दातांचा डॉक्टर, मध्ये हे दुकान. आत कोण जात असेल हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता, कारण जाणारे आपल्यातले नव्हेत हे गृहीतच होतं. लहानपणी सांगलीत दिवाळीला सुतळी बॉम्बची वात पेटायच्या आधीच ती घरात पळायची. आणि आता तिला असं पिस्तूल हवं होतं, जे दिवसभर जवळ बाळगता येईल, टोचणार नाही आणि कोणाला दिसणार नाही. बायकांसाठी असलं काही मिळतं का, हे तिने इतक्या हळू विचारलं की डार्लीनला काउंटरवरून पुढे वाकावं लागलं.

मिळत होतं. पैसे असले आणि तिच्यासारखी सिटिझनशिप असली की इथे सगळंच मिळतं. जांभळ्या मुठीचं, गुलाबी मुठीचं, तळहातात मावणारं. यामिनीने सगळ्यात इवलंसं उचललं. पहिल्यांदा येणारी बहुतेक प्रत्येक बाई हीच चूक करते, असं डार्लीन म्हणाली. पिस्तूल जितकं हलकं तितका हाताला झटका जास्त. दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर एक गोळी झाडली तर यामिनीचा हात खांद्यापर्यंत झिणझिणला. मग जरा मोठं, काळं, दिसायला अगदी रुक्ष असं एक. गोळी भरताना त्याची वरची स्लाइड मागे ओढायला फार जोर लागत नव्हता. ते तिच्या मुठीत नीट बसलं. कणीक मळून मळून बोटांत तेवढी ताकद होतीच.

खरी पंचाईत पुढे होती. पोटाशी, कपड्याच्या आत अडकवायचं होल्स्टर, पिस्तुलाचं म्यान, नेमकं नैनाच्या वेळच्या सिझेरियनच्या व्रणावर बसत होतं. उभं राहिलं तर ठीक; खुर्चीत टेकलं की मूठ बरगडीत आणि खालचं टोक व्रणात. कमरेच्या बाजूला लावलं तर कुर्ता टेंगळासारखा वर यायचा. शेवटी डार्लीनने रुंद इलॅस्टिकचा एक पट्टा काढला, पोटाभोवती गुंडाळून घट्ट चिकटवायचा. तो लावताना यामिनीला बाळंतपणात आईने बांधलेला पोटपट्टा आठवला. तेव्हा शैलेंद्र आईला रोज शेकायची पिशवी गरम पाण्याने भरून द्यायचा. जावई नव्हे, मुलगाच मिळाला, असं आई फोनवर सगळ्या सांगलीला सांगत सुटली होती.

निघताना डार्लीनने दोन गोष्टी बजावल्या. पिस्तूल अंगावर ठेव, पर्समध्ये नको. पर्स बाई कुठेतरी खाली ठेवतेच. आणि कोणाला सांगू नकोस, अगदी जवळच्या माणसालाही नाही. "ज्याच्यापासून जपायचं त्याला कळलं, की याचा उपयोग संपला."

ज्याच्यापासून जपायचं त्या शैलेंद्रबद्दल वाकडा शब्द बोलणारं माणूस सगळ्या फ्रिस्कोत नव्हतं. मंडळाच्या गणपतीची सजावट, साउंड सिस्टीम, कोणाच्या आईवडिलांना एअरपोर्टवरून आणणं, सगळ्याला हा पुढे. मंडळातल्या दिगंबरकाकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना हॉस्पिटलात नेणारा तोच, आणि सुलभाकाकूंना धीर देत बाहेर बसून राहणाराही तोच. आवाज कधी चढायचा नाही. गेल्या वर्षी एका संध्याकाळी गॅरेजमध्ये, मी नोकरी बदलतेय एवढं यामिनीने सांगितलं, तर त्याने तिला भिंतीशी उभं केलं आणि एका हाताने तिचा गळा दाबला. शांतपणे. "ओरडू नकोस, नैना आत अभ्यास करतेय," एवढंच म्हणाला. मग हात काढला, आत गेला, आलं किसलं, चहा केला आणि एक कप तिच्या हातात आणून दिला. गळ्यावर साधा वळसुद्धा उठला नव्हता.

ती नैनाला घेऊन वेगळी राहायला लागली. तेव्हापासून त्याचे मेसेज यायचे आणि त्यांत धमकीचा एक शब्द नसायचा. आज पिवळा कुर्ता छान दिसत होता. तुझ्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे. नैना बाल्कनीत स्वेटर न घालता उभी होती, लक्ष दे. पोलिसांनी ते वाचले आणि यात आम्ही काय करणार, असं फार सभ्य भाषेत सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, कोर्टाची तारीख मार्चमध्ये आहे, तोवर धीर धर. सांगणाऱ्याचं काय जातं. त्याला यामिनीबद्दल सगळं माहीत असायचं. पिस्तूल घेतल्यापासून एकच गोष्ट अशी होती जी त्याला माहीत नव्हती, आणि तेवढ्या एका गोष्टीच्या जोरावर ती सकाळी दार उघडून बाहेर पडत होती.

जानेवारीत सुलभाकाकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जायलाच हवं होतं. शाळा सुटल्यावर नैना काकूंकडेच थांबायची, संध्याकाळी यामिनी येईपर्यंत. काकू तिला गरम पोळी-तूप खाऊ घालायच्या, वेणी घालून द्यायच्या, आणि या देशात यामिनीला आपलं म्हणावं असं ते एकच घर होतं. काकूंना तिने गळ्याचं सांगितलं नव्हतं. आमचं पटत नाही, एवढंच. काकूंनी त्यावर "होतं गं असं" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला होता.

काकूंचा हुकूम होता, वर्षातून एकदा तरी साडी नेसा. आणि साडी ही वस्तू बाईने काही लपवावं या हेतूने कोणी केलेलीच नाही. पोट उघडं, पाठ उघडी, कंबर उघडी, आणि सगळा भार परकराच्या नाडीवर. यामिनीने आरशासमोर तो पट्टा ब्लाउजखाली बांधून पाहिला, परकराखाली बांधून पाहिला. पदर कितीही पसरला तरी काहीतरी दिसायचंच. तसंच जावं म्हटलं तर पार्किंगमध्ये तो उभा असेल का, हे कोण सांगणार? शेवटी तिने एक पर्स घेतली, बाजूला होल्स्टरचा वेगळा कप्पा असलेली. कप्प्याला छोटं कुलूप होतं. ते तिने लावलं नाही, कारण वेळ आली तर कुलूप कुठे उघडत बसणार. पर्स खांद्यावरून काढायचीच नाही, असं तिने ठरवलं.

तिचं ठरवणं काकूंच्या दारापर्यंतच टिकलं. आपल्याकडच्या कुठल्याही घरगुती कार्यक्रमात चपला गॅरेजमध्ये आणि जॅकेट, पर्सा वरच्या बेडरूममधल्या पलंगावर, हे ठरलेलं. "घरात काय पर्स मिरवतेस? दे इकडे," म्हणत काकूंनी ती तिच्या खांद्यावरून काढलीसुद्धा. यामिनीने पर्सचा पट्टा जरा धरून ठेवला. मागे दोन बायका उभ्या होत्या, त्या हसल्या. तिने पट्टा सोडला.

वर, बेडरूमला लागून, मुलांची खेळायची खोली. खाली अत्तर, तिळगूळ, काजूकतली, कोणाचं नवं घर, कोणाच्या मुलाचं कॉलेज. यामिनीचे कान छताकडे. वर धावण्याचा आवाज आला की ती जिन्याकडे बघायची, आणि आवाज थांबला की जास्तच. ती उठायला गेली तर काकू ओटी घेऊन समोर. "माझी राहू दे, काकू," ती म्हणाली. काकूंनी डोळे मोठे केले. "का? भांडलात म्हणून काय झालं, सवाष्णच आहेस तू." तांदूळ, खण, नारळ पदरात पडले. मग कुणीतरी हातात भेळेची डिश दिली, आणि काकूंनी तिच्या पदरातला नारळ उचलला. "तू खा. मी टाकते तुझ्या पर्समध्ये, नाहीतर विसरशील." यामिनी डिश ठेवून निऱ्या सावरत जिन्याकडे जाईतो काकू वर पोचल्या होत्या.

मोठ्या कप्प्यात नैनाचा स्वेटर होता, नारळ मावत नव्हता. म्हणून काकूंनी बाजूचा उघडला होता. त्या जॅकेटांच्या ढिगात बसल्या होत्या, मांडीवर पर्स, एका हातात नारळ.

"हे काय गं?"

यामिनीने दार लावून घेतलं आणि जे आईला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. गॅरेज, भिंत, हात, चहा. काकूंनी मधे एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी तिच्या गळ्यावरून बोटं फिरवली, तिथे काही नव्हतं तरी, आणि त्यांना रडू आलं. काकूंचा विश्वास बसला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणाचातरी बसला होता. यामिनी त्यांच्या कुशीत शिरून पोटभर रडली आणि तिला फार बरं वाटलं.

"कोणाला सांगू नका, काकू."

"नाही गं." काकूंनी स्वतःच्या गळ्याला चिमूट लावली. "गळ्याशपथ."

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ती नेहमीसारखी नैनाला आणायला गेली. काकूंच्या घरासमोर शैलेंद्रची गाडी उभी होती. तिने इंजिन बंद केलं. ती उतरायच्या आत काकूच बाहेर आल्या, खिडकीशी वाकल्या. चेहरा उजळलेला.

"घाबरू नकोस. मीच बोलावलंय त्याला."

"काकू, तुम्ही..."

"काल फोन केला आणि चांगले कान उपटले त्याचे. म्हटलं, लाज नाही वाटत? बायकोला पर्समध्ये गन घेऊन फिरायची वेळ आणलीस, गळ्याला हात लावतोस तिच्या? आमच्यासमोर ये आणि माफी माग. इथे तुमचं मोठं माणूस आहे कोण आमच्याशिवाय?" काकूंनी डोळे पुसले. "रडला गं तो. ढसाढसा रडला फोनवर. आल्याआल्या ह्यांच्या पाया पडला."

काकूंनी शपथ मोडली नव्हती, असंच त्यांना वाटत होतं. कोणाला म्हणजे परक्याला. शैलेंद्र परका कुठे होता? ज्या पिढीत मोठ्यांनी रागावलं की मुलगा सुधारायचा, निदान तसं म्हटलं जायचं, त्या पिढीच्या त्या. त्यांनी यामिनीवर विश्वास ठेवला होता, तिची बाजू घेतली होती, तिच्यासाठी भांडल्या होत्या. आणि तिच्याजवळ जे एकच होतं, ते उचलून त्याच्या हातात देऊन आल्या होत्या. यामिनीला काकूंचा रागसुद्धा धड येईना. राग आला असता तर निदान ओरडता आलं असतं.

"नैना कुठेय?"

"आत. त्याच्याजवळ बसलीये. बाबाला किती दिवसांनी बघितलं पोरीने." काकूंचा आवाज खाली आला. "ती पर्स तेवढी गाडीत ठेव हं. माझ्या घरात नको ते. आणि त्याला बरं नाही दिसणार."

यामिनीने रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या घराचे स्प्रिंकलर हिवाळ्यातही चालू होते. निघून जावं तर नैना आत होती. पोलिसांना फोन करावा तर सांगणार काय, मुलीचा बाप काकांशी गप्पा मारतोय? तिने पर्स गाडीच्या मागच्या ट्रंकमध्ये ठेवली. ट्रंक बंद झाल्याचा आवाज काकूंनी ऐकला आणि तिचा हात धरून तिला आत नेलं, माहेरवाशिणीला नेतात तसं.

दिगंबरकाका सोफ्यावर होते.  नैना शैलेंद्रच्या मांडीवर होती. मांडीवर बसण्याचं वय आता राहिलं नव्हतं तरी. त्याचा एक हात तिच्या मानेमागे, केसांवर. तो यामिनीकडे पाहून हसला. डोळे खरोखरच रडून लाल झाले होते.

"पर्स गाडीत ठेवलीस ना?" तो म्हणाला. "बरं केलंस. नैनाच्या हाताला लागली असती."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, बघा किती समजुतीने बोलतोय, अशा नजरेने.

घरभर आल्याचा वास होता. समोरच्या ट्रेमध्ये कप भरून ठेवले होते, त्यातला एक त्याने तिच्या बाजूला सरकवला.

"बस," शैलेंद्र म्हणाला. "चहा मी केलाय."