शंकररावांचा हातगुण

धम्मशीला सिस्टरच्या गळ्यात नवं रजिस्टर पडलं होतं. गेल्या तीन वर्षांत पाठीच्या कण्याला मार लागून दवाखान्यात आलेले पेशंट, आणि कारण एका शब्दात. ती लिहीत होती. झाड. छत. बैलगाडी. परत झाड, शेळ्यांना पाला पाडायला चढलेले. पण घरी फोन करून विचारलं की वेगळंच निघायचं. पडल्या पडल्या कित्येकांचे पाय हलत होते. मग मदत धावून आली. माणुसकी तर आपल्याकडे उतू चाललेली! दोघांनी काखेत धरलं, दोघांनी तंगड्या, कुणी बसवून पाणी पाजलं, कुणी ‘चाल दोन पावलं, मोकळं होते’ म्हणून चालवलं, आणि शेवटी जीपच्या मागच्या सीटवर घडी घालून आणलं. तोवर पाय गेलेले. एवढ्या पुण्यकर्माला रजिस्टरात रकाना मात्र नव्हता.

मंगळवारी दुपारी धाड गावाहून भावजयीचा, सिंधूताईचा, फोन आला. ती रडत होती. “ताई, हे चिंचेवरून पडले. पाठ धरून कण्हून राह्यले.”

धम्मशीलानं विचारलं, “प्रसेनजितदादाचे पाय हालतात का?”

“हाव, बोटं हालवून राह्यले.”

“मंग कोणाले हात लावू देऊ नको. ॲम्ब्युलन्स पाठवते, ते फळीवर घेतीन.”

“शंकरराव आले न चार जण घेऊन. ऐकतच नाहीत.”

शंकरराव म्हणजे गावाचे मानद उचलणारे. कुठं कुणी पडलं की धोतर खोचून हजर, आमंत्रणाची वाट न पाहता. धम्मशीलानं फोन स्पीकरवर टाकायला लावला.

“काका, हात लावू नका त्याले.”

“पोरी, तू दवाखान्यात शिकली असशीन. म्या किती माणसं उचलली, मोजदाद नाही.”

“नावं सांगा.”

गडी खुलला. “रज्जाक मिस्त्री. छतावरून पडला, मीच बसता केला.”

तिनं रजिस्टर उघडलं. “कमरेखाली काही कळत नाही त्याले.”

“अंबूबाई.”

“लघवीची नळी. कायमची.”

“मोईज…” आवाज उतरला होता.

“खाटेवर हाय.”

पुढचं नाव तिच्या बोटाखालीच होतं. शिवम, वय बावीस, झाड. शंकररावांचा एकुलता एक. ते नाव म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकावं इतका तिला राग आला होता, पण जीभ रेटेना.

“आमचा शिवम,” शंकरराव स्वतःच म्हणाले. “लेकरू म्हणे, बाबा, राहू द्या, दुखते. म्या उचललाच.”

 मग एकदम त्यांचंच ओरडणं ऐकू आलं, “सरका बे मांगं! कोणी शिवायचं नाही त्याले!”

ॲम्ब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ शंकरराव आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून प्रसेनजितच्या पायाशी उन्हात बसले होते, आणि घडीघडी विचारत होते, “बाबू, बोटं हालव बरं.”